लेन्सखालचं पाणी

त्या एप्रिलात जस्टीना डेरक्सनने एका टपालाच्या डब्यासाठी शाळेची बस थांबवली.

सकाळची वेळ होती. रस्त्याच्या कडेचं बर्फ वितळून मातकट धुकं जमिनीलगत पसरलं होतं. हार्डर कुटुंबाच्या गल्लीच्या तोंडाशी तिला लाल टोपीतली लहान मुलगी उभी दिसली. तिने नेहमीसारखा ब्रेक दाबला, लाल दिवे लावले, दार उघडलं आणि वाट पाहत बसली. मुलगी हलेना. बसमधली मुलं आधी गप्प झाली, मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मिसेस डेरक्सन, तो डबा शाळेत येत नाही." सगळी बस हसली. जस्टीनाही हसली. दार लावून तिने गाडी पुढे काढली.

शाळेपाशी मुलं उतरून गेली तरी ती खुर्चीतून उठली नाही. हार्डरांचा तो डबा लाकडी खांबावर होता आणि त्याचं पत्र्याचं निशाण लाल रंगाचं होतं. अकरा वर्षं ती त्याच्यावरून जात होती. आज डबा मुलगी दिसला. उद्या मुलगी डबा दिसली तर?

ती तडक गॅरेजमध्ये गेली आणि वॉल्टर फंकच्या टेबलावर किल्ल्या ठेवल्या. वॉल्टर त्या भागातल्या सगळ्या शाळाबसेसचा कारभार बघायचा. त्याने किल्ल्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"डबा दिसला म्हणून कुणी बस सोडतं का, जस्टीना?"

"डबा दिसला म्हणून नाही. मुलगी दिसली म्हणून."

वॉल्टरने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. एवढंच तो करायचा, काही सुचलं नाही की. शेवटी असं ठरलं की बदली ड्रायव्हर एब थीसन तिची फेरी चालवेल. डोळे नीट करून, तपासणीत पास होऊन ती ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी आली तर बस तिची. नाही आली तर एबची, कायमची. त्यापुढे वॉल्टरच्याही हातात काही नव्हतं.

एब थीसन निवृत्त शेतकरी होता आणि त्याला घरी बसवत नव्हतं. शिवाय त्याला सूर्यफुलाच्या बिया खायची सवय होती. दक्षिण मॅनिटोबातल्या आमच्या गावांत ती कुणाला नसते? पण एब ओठाच्या एका कोपऱ्यातून बी आत घेई आणि दुसऱ्या कोपऱ्यातून टरफल बाहेर टाकी, हात न लावता, बोलणं न थांबवता. ती टरफलं आपल्या बसच्या जमिनीवर पडणार, हा विचार जस्टीनाला घरी जाताना वाटेत आला, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

चष्मा तिला शाळेपासून होता. कापणीच्या दिवसांत डोळ्यांना खाज सुटायची, आणि लहानपणापासून ती दोन्ही मुठींनी डोळे चोळायची, अगदी मनापासून, पाठ खाजवावी तशी. चष्म्याचा नंबर बदलत गेला. गेल्या काही वर्षांत तर तिला एका दिव्याचे तीन दिसत आणि प्रत्येकाला शेपूट असे. चंद्राचंही तेच. सगळ्यांना तसंच दिसत असणार अशी तिची समजूत होती. चंद्र किती दिसतात हे कोण कुणाला विचारतं?

विनिपेगच्या डॉ. बाउटिस्टांनी यंत्रात तिचे डोळे पाहिले आणि पडद्यावर रंगीत नकाशा दाखवला. बुबुळावरचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा गोल हवा, तुमचा अंड्याच्या टोकासारखा पुढे आलाय, त्या म्हणाल्या. बांध्याने लहानशा, बोलण्यात घाईच्या, पण उत्तर ऐकून घेणाऱ्या बाई. चष्म्याने हे सपाट होणार नाही. लेन्सने होईल. आणि आजपासून डोळे चोळायचे नाहीत, म्हणजे नाहीत.

मग त्यांनी एका ताटलीत तीन लेन्स मांडल्या. पहिली मऊ, सगळे घालतात ती. पण ती ओल्या फडक्यासारखी उंचवट्यावर पसरते आणि उंचवटा तसाच राहतो, म्हणून ती बाद. दुसरी कडक आणि लहानशी. तिने छान दिसेल, लवकर तयार होईल, पण तिच्याखाली धूळ शिरते. तिसरी कडक आणि मोठी, कोटाच्या बटणाएवढी. ती बुबुळाला टेकतच नाही, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते आणि मधल्या जागेत पाणी भरलेलं राहतं. धूळ आत जात नाही. मात्र घालायला शिकावं लागतं, आणि शिकताना माणूस रडकुंडीला येतो.

"राहता कुठे? खडीचा रस्ता आहे का?"

आहे, जस्टीना म्हणाली, पण बसच्या खिडक्या बंद असतात. आणि तिने लहान लेन्सकडे बोट दाखवलं.

यात डोळ्यांचा विचार थोडा होता आणि घराच्या वळणाचा जास्त. डेरक्सनांच्या घरात, आणि त्याआधी तिच्या माहेरीही, ताट पुढे आलं की मोठा तुकडा उचलायचा नाही हे मुलाला चालता येण्याआधी शिकवलं जाई. केक असो, जमीन असो, चर्चमधली बसायची जागा असो. मोठ्याला हात घालणारा माणूस हावरट. जस्टीनाचा हात आपोआप लहानाकडे गेला.

घरी तिची सासू अगनेटा हिला सगळे ओमा म्हणत. मुलगी हेडी झाल्यापासून जस्टीनाही ओमाच म्हणू लागली. ओमा ऐंशीला टेकली होती, पण घरात तिच्या हाताखालून न गेलेली वस्तू नव्हती. अर्धी बाटली तिला बघवत नसे. दोन केचपच्या बाटल्या अर्ध्या झाल्या की ती एक दुसरीवर उलटी उभी करून ठेवी. शांपू शांपूत, सिरप सिरपात. एकदा तिने रास्पबेरीचा जॅम आणि आलुबुखाराचा जॅम एका बरणीत ओतले, तेव्हा हेडीने महिनाभर नुसत्या लोण्याची पोळी खाल्ली. "देवाने जागा दिलीय ती अर्ध्या बाटल्या मांडायला नाही," ओमा म्हणे, आणि रिकामी बाटली धुऊन खिडकीत उपडी घाली. तीही कशाला ना कशाला उपयोगी पडेच.

लेन्सचं नाव ऐकून ओमाने नाक मुरडलं. चष्मा म्हणजे गरज. डोळ्यात काच घालून चष्मा लपवायचा म्हणजे मिरवणं. तिच्या तरुणपणी एका बाईला रंगीत बटणं लावल्याबद्दल चर्चच्या वडीलधाऱ्यांनी समज दिली होती, ती गोष्ट तिने पुन्हा सांगितली. तिचा नवरा कॉर्नी ट्रॅक्टरखालून म्हणाला, "आई, तिला मी दिसलो पाहिजे एवढंच आहे. दिसल्यावर पस्तावली तर चष्मा आहेच."

लहान लेन्सने दिसायचं खरं. पण जुलै आला, खडीचे रस्ते कोरडे झाले, आणि धुळीचा एकेक कण लेन्सखाली शिरून डोळ्यात सुई टोचल्यासारखा फिरू लागला. तिने ते कुणाला सांगितलं नाही. फास्पाच्या दिवशी मात्र ते सगळ्यांना कळलं.

रविवारी दुपारचं ते हलकं खाणं. कुणीही न सांगता येतं आणि आल्यावर जेवढं असेल तेवढं सगळ्यांना पुरतं. त्या दिवशी शेजारचे पेनर नवराबायको आले होते. अंगणातल्या टेबलावर रोलकूखनची, म्हणजे पिठाच्या तळलेल्या पट्ट्यांची, चळत आणि कलिंगड. जस्टीना कलिंगड कापत होती, शेताकडून वाऱ्याचा झोत आला, तिने डोळा मिटला, उघडला, आणि उजवी लेन्स उडाली.

"हलू नका कुणी," ती म्हणाली.

कुणी हललं नाही, मग सगळे एकदम गुडघ्यांवर आले. पेनरकाका चर्चचे सेवक, रविवारच्या काळ्या पॅन्टमध्ये टेबलाखाली रांगत गवताची काडी न् काडी बाजूला करत होते. पेनरकाकू खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. कॉर्नी कलिंगडाच्या बिया मोजल्यासारखा निवडत होता. शेवटी पेनरकाका दमून वर आले, आपल्या ताटलीतली कलिंगडाची फोड उचलून तोंडाकडे नेली, आणि हेडी किंचाळली. लेन्स फोडीवर चिकटलेली होती, दवाच्या थेंबासारखी.

"नाकावर चष्मा असता तर फास्पा शांतपणे झाला असता," ओमा म्हणाली आणि कॉफी ओतायला उठली.

जस्टीनाने लेन्स डबीत ठेवली, चष्मा चढवला आणि उरलेलं कलिंगड कापलं. दुसऱ्या दिवशी तिने विनिपेगला फोन केला. "या वेळी मोठा तुकडा उचलते," ती डॉक्टरांना म्हणाली. त्यांना ते कळलं नसावं, पण त्यांनी माप घ्यायला बोलावलं.

मोठ्या लेन्सचं डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. आधी हात धुवायचे. रबराच्या छोट्या दांडीवर लेन्स वाटीसारखी उभी करायची. औषधी मिठाचं पाणी तिच्यात काठोकाठ भरायचं. मग मान इतकी खाली घालायची की चेहरा जमिनीला समांतर झाला पाहिजे. एका हाताने दोन्ही पापण्या ताणून धरायच्या, दुसऱ्या हाताने ती भरलेली वाटी खालून वर डोळ्यापर्यंत आणायची, आणि न मिटता, न दचकता तिच्यात बघत राहायचं. पाणी सांडलं की आत बुडबुडा राहतो. बुडबुडा राहिला की काढा, धुवा, भरा, पुन्हा मान खाली.

ऑगस्टभर डेरक्सनांच्या न्हाणीघराचं दार सकाळी बंद असे. बाहेर हेडी शाळेच्या सुट्टीतही घाईत असल्यासारखी दारावर टकटक करी. घरात आरसा एकच, तोही तिथेच, हाताच्या पंज्याहून थोडा मोठा. जस्टीनाने तो भिंतीवरून काढून बेसिनच्या काठावर आडवा ठेवला होता.

"आरशासमोर इतका वेळ तर मी लग्नाच्या दिवशीही उभी नव्हते," ओमा दाराबाहेरून म्हणाली.

"मी उभी नाही, ओमा, मी वाकलेय," आतून उत्तर आलं, आणि पाणी सांडल्याचा आवाज.

पापणी ऐकत नव्हती. पापणीला स्वतःची अक्कल असते. डोळ्याकडे काही येतंय दिसलं की ती मिटते, मालकिणीला विचारत नाही. जस्टीनाने तिला वासराला दूध पाजायला शिकवतात तसं शिकवलं. आधी नुसतं बोट जवळ न्यायचं. मग ओलं बोट. मग रिकामी लेन्स. स्वयंपाक करताना, वाटाणे सोलताना ती मध्येच बोट डोळ्याजवळ नेऊन थांबवी. पाहणाऱ्याला वाटे बाईला काहीतरी झालंय.

आणि एक दिवस दोन्ही बसल्या. बुडबुडा नाही. तिने मान वर केली.

आरशात एक बाई होती, तिच्या कानापाशी चार पांढरे केस होते. जस्टीना बाहेर आली. फ्रिजच्या वर धुळीचा थर होता. छताच्या कोपऱ्यात जाळं, आणि जाळ्यात कोळी. ओमाच्या गालावर एक बारीक जुना व्रण होता जो तिने वीस वर्षांत पाहिला नव्हता. दारात कॉर्नी चिखलाचे बूट काढत होता; ती त्याच्याकडे बघत राहिली.

"पस्तावलीस?" त्याने विचारलं.

"दाढी नीट करत जा," ती म्हणाली, आणि फडकं घेऊन फ्रिजवर चढली.

त्या संध्याकाळी ती अंगणात जाऊन उभी राहिली. चंद्र एकच होता. तिला तो जरा लहान वाटला.

तपासणीची तारीख सप्टेंबरच्या शेवटी मिळाली. शाळा सुरू झाली होती आणि हेडी रोज एबच्या बसमधून जाऊन बातम्या आणत होती. एब फार हळू चालवतो. एब लहान मुलांना बिया वाटतो, म्हणून लहान मुलांना तो आवडतो. पायाखाली कुरकुर वाजतं. एब म्हणाला, तुझ्या आईला सांग, घरी बसायची सवय झाली की बरं वाटतं. जस्टीना ऐकून घेई आणि भांडी जरा जोरात आपटे.

रोज रात्री लेन्स काढून दुसऱ्या एका औषधात बुडवून ठेवायच्या असत. ते औषध तिखट. त्याच्या खास डबीत ते रात्रभर राहिलं की सकाळपर्यंत निवून साधं पाणी होई. पण बाटलीतलं थेट डोळ्यात गेलं तर जाळ. म्हणून त्या बाटलीचं टोपण लाल, आणि मिठाच्या पाण्याचं पांढरं. डॉक्टरांनी तिला तीनदा बजावलं होतं, आणि तिने हेडीला बजावलं होतं. ओमाला सांगायचं तिच्या डोक्यात आलं नाही. ओमा लेन्सच्या सामानाकडे ढुंकूनही बघत नसे.

तपासणीच्या सकाळी जस्टीना लवकर उठली. इस्त्री केलेला ब्लाउज घातला. डाव्या डोळ्याची लेन्स भरली, मान खाली घातली, वर आणली आणि बसवली.

पहिल्या क्षणाला काही झालं नाही. मग डोळ्यात कुणीतरी निखारा दाबून धरला.

लेन्स काढायची तर दांडी सापडली पाहिजे, दांडी सापडायची तर दिसलं पाहिजे. तिने ती कशी काढली हे तिला नंतर आठवलं नाही. कॉर्नी धावत आला तेव्हा तिने नळाखाली डोकं धरलं होतं; ती ओरडत नव्हती, नुसती पाय आपटत होती. त्याने तिला तसंच, ओल्या ब्लाउजने, गाडीत घातलं.

विनिपेगला डोळा पुन्हा पुन्हा धुतला गेला. पडदा वरवर भाजलाय, डॉ. बाउटिस्टा म्हणाल्या, भरून येईल, डाग राहणार नाही. तोपर्यंत लेन्स बंद. तुम्ही लाल टोपणाचं पाणी भरलंत का? नाही, जस्टीना म्हणाली. पांढऱ्याचंच. मला दिसत होतं. आता तर मला दिसतं, ती म्हणाली.

घरी हेडी दारातच उभी होती. तिच्या हातात लाल टोपणाची बाटली होती. धुतलेली, कोरडी, रिकामी. स्वयंपाकघराच्या खिडकीत उपडी घातलेली तिला सापडली होती.

सगळ्यांनी ओमाकडे पाहिलं. ओमा बटाटे सोलत होती.

"दोन्ही अर्ध्या होत्या," ती म्हणाली. "दोन्हींत पाणीच तर होतं. वास घेऊन बघितला मी."

कॉर्नी आयुष्यात पहिल्यांदा आईवर आवाज चढवणार होता, पण जस्टीनाने त्याचा हात धरला. ती एका डोळ्याने न्हाणीघरात गेली, पांढऱ्या टोपणाची बाटली उचलली, चिकटपट्टी गुंडाळून बंद केली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. ओतून का टाकली नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं. सासूशी ती कामापलीकडे एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. मीठ द्या, दार लावा, एवढंच.

वॉल्टरने टोपी काढली, घातली, आणि थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या गुरुवारी दुसरी तारीख मिळवून दिली. याच्यानंतर नाही, तो म्हणाला.

डोळा भरून आला. डॉक्टरांनी लेन्स घालायची परवानगी दिली. जस्टीनाने नवीन, सीलबंद पाणी आणलं, लेन्स भरली, मान खाली घातली, आणि तिचा हात अर्ध्यात थांबला.

हातही आता पापणीला सामील झाला होता. ती त्याला वर ढकलत होती आणि तो थरथरून पाणी सांडत होता. पुन्हा भरलं, पुन्हा सांडलं. वासराला एकदा तारेचा झटका बसला की त्या फाटकातून ते जात नाही, तुम्ही कितीही ओढा. तिने लेन्स डबीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. तिसऱ्या दिवशी डोळ्याला टेकेपर्यंत पोचली आणि पापणी धाडकन मिटून लेन्स बेसिनमध्ये उडाली. तिने बेसिनचं भोक आधीच फडक्याने बुजवलं होतं. एवढं शहाणपण तिला आलं होतं.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता, वर्षातून दोनदा येणारा. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्याने त्या दिवशी चर्चमध्ये वाटतात त्या भाकरीला हात लावायचा नाही, आधी जाऊन मिटवायचं. म्हणून त्याआधीच्या शनिवारी आमच्या गावात माणसं एकमेकांच्या दारात दिसतात. टोप्या हातात, हवेवर बोलत, मुद्द्यावर यायला वेळ लावत. ओमाने साठ वर्षांत एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं.

शनिवारी दुपारी जस्टीना न्हाणीघरात वाकलेली असताना दार उघडलं. टकटक झाली नाही. ओमा आत आली आणि कपड्यांच्या टोपलीवर बसली. तिचा डावा डोळा लालभडक सुजलेला होता आणि त्यातून पाणी वाहत होतं.

जस्टीनाने लेन्स खाली ठेवली. तिने वरच्या फळीकडे पाहिलं. बाटलीवरची चिकटपट्टी निघालेली होती.

"ओमा, काय केलंत हे?"

"एकच थेंब," ओमा म्हणाली. "माफी मागायची तर कशाची मागतोय ते कळायला नको? मला वाटत होतं तू नखरे करतेयस. पाण्याने काय एवढं होतं, असं वाटत होतं." तिने पदरासारखं अॅप्रनचं टोक डोळ्याला लावलं. "आता कळलं. आता मागते."

जस्टीनाने तिला धरून बेसिनपाशी ओढलं, तिचं डोकं नळाखाली घातलं आणि डोळा उघडून धरला. म्हातारी अंगाने हलकी झाली होती. धुता धुता जस्टीना बोलत होती, इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं. की तुम्ही म्हाताऱ्या झालात पण पोरकट आहात, की हा डोळा गेला असता तर, की जॅमचंही तुम्ही असंच केलं होतं, की लाल टोपण कशाला असतं, शोभेला? ओमा नळाखालून "हो" म्हणत होती. प्रत्येकाला "हो". जॅमचं आल्यावर ती गप्प बसली.

"जॅम चांगला झाला होता," ती थोड्या वेळाने म्हणाली.

जस्टीना हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की ती एका परक्या डोळ्याच्या पापण्या दोन बोटांनी ताणून धरून उभी आहे, आणि बोटं थरथरत नाहीत.

तिने ओमाला टोपलीवर बसवलं, हातात टॉवेल दिला. ती बाटली बेसिनमध्ये ओतून टाकली. मग हात धुतले, लेन्स दांडीवर ठेवली, नवीन बाटलीतलं पाणी काठोकाठ भरलं आणि वाकली. उजवी बसली. डावीत बुडबुडा राहिला. जस्टीनाने ती काढली, धुतली, भरली. हात अर्ध्यात थांबला. ती त्याच्याबरोबर थांबली, घाई केली नाही. मग तिने स्वतःच डोळा खाली नेला, हाताची वाट न बघता, घोडा पाण्याला तोंड लावतो तसा.

"बसली?" ओमाने विचारलं.

"बसली."

"मग तो आरसा भिंतीवर लाव. सकाळी मला केस विंचरायचेत."

रविवारी दोघी चर्चमध्ये एकाच बाकावर बसल्या, आणि दोघींचे डावे डोळे लाल होते. पेनरकाकूंनी ते पाहिलं आणि पुढच्या फास्पापर्यंत त्यांना दुसरा विषय लागला नाही.

गुरुवारी तपासणीत जस्टीनाने अक्षरांच्या पाटीवरच्या ओळी वाचल्या. तपासणाऱ्या बाईने आणखी खालची ओळ दाखवली, तीही वाचली. मग बाईने दिवा मारला, कडेकडेने बोटं नाचवली, आणि डोळ्यांत काय घातलंय ते विचारलं. जस्टीनाने सांगितलं. रोज स्वतः घालता? बाईने विचारलं. रोज, जस्टीना म्हणाली.

गॅरेजमध्ये एब किल्ल्या द्यायला स्वतः आला होता. त्याने त्या लगेच दिल्या नाहीत.

"पोरं माझी आठवण काढतील," तो म्हणाला.

"बियांची काढतील," जस्टीना म्हणाली.

एबने थोडा विचार केला, ओठाच्या कोपऱ्यातून टरफल टाकलं, तिची नजर पाहून ते वाकून उचललं आणि किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या मंगळवारी ती अंधारात उठली. न्हाणीघरात फळीवर दोन बाटल्या होत्या. लालच्या गळ्याला कुणीतरी लाल लोकरीचा धागा गुंडाळून घट्ट गाठ मारली होती, टोपण हरवलं तरी कळावं म्हणून. पांढरी अर्धी होती. अर्धीच राहिली होती.

गॅरेजमध्ये तिने आधी बस झाडली. बाकांखालून, पायऱ्यांच्या खाचांतून, ड्रायव्हरच्या खुर्चीच्या फटीतून टरफलं निघत राहिली. एका माणसाने एवढं खाल्लं असेल यावर विश्वास बसू नये इतकी. तिने ती बादलीत भरली. मग बसभोवती फेरी मारली, प्रत्येक चाक, प्रत्येक दिवा पाहिला, आणि गाडी बाहेर काढली.

हार्डरांच्या गल्लीपाशी पोचेस्तोवर पूर्वेला फटफटलं होतं. धुकं होतं. तिने दुरूनच वेग कमी केला. खांबावर डबा होता, त्याचं लाल निशाण वर केलेलं होतं, आणि पत्र्यावर गंज आला होता. डब्याला टेकून हार्डरांची धाकटी उभी होती, यंदाच शाळेत घातलेली. तिच्या डोक्यावर टोपी निळी होती आणि एका बुटाची नाडी सुटलेली होती.

जस्टीनाने ब्रेक दाबला, लाल दिवे लावले आणि दार उघडलं.

"नाडी बांध आधी," ती म्हणाली. "मी थांबलेय."